विकी लॉरेन्स: गाणं, बदलती रूपं आणि ‘कॅरल बर्नेट शो’ची ११ वर्षं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकी लॉरेन्स म्हणजे नक्की कोण?

अमेरिकन अभिनेत्री आणि गायिका. जन्म २६ मार्च १९४९, लॉस एंजलिसला लागून असलेल्या इंगलवूडचा. लोक तिला तीन कामांमुळे ओळखतात, पण बहुतेकांना तिन्हींपैकी एकच माहीत असतं. विनोदी अभिनेत्री कॅरल बर्नेटच्या सीबीएस वाहिनीवरच्या ‘द कॅरल बर्नेट शो’मध्ये १९६७ ते १९७८ अशी ११ वर्षं ती होती. १९७३ साली तिने गायलेलं ‘द नाइट द लाइट्स वेंट आउट इन जॉर्जिया’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आणि ‘मॅमाज् फॅमिली’ या विनोदी मालिकेतली खाष्ट, करड्या केसांची थेल्मा हार्पर, म्हणजेच मॅमा, तिनेच केली.

गाणं ऐकलेल्यांना ती मालिका माहीत नसते आणि मालिका पाहणाऱ्यांना गाणं ऐकवलं की विश्वास बसत नाही. हे पान त्यासाठीच आहे. माझं मत आधीच सांगते: या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या नाहीत. थेल्माची म्हातारी उभी राहिली ती गाणाऱ्या मुलीच्या कानामुळे. खालची बरीचशी उत्तरं शेवटी याच मुद्द्यापाशी येतात.

ती कॅरल बर्नेटची बहीण आहे का?

नाही, कसलंही नातं नाही. पण हा प्रश्न १९६७ सालीही विचारला जायचा आणि त्यातूनच तिचं सगळं आयुष्य बदललं.

शाळेत असताना ती कॅरलसारखी दिसते असं सगळे म्हणायचे. एका वर्तमानपत्रानेही तिच्याबद्दल लिहिताना तेच लिहिलं. मग १७ वर्षांच्या विकीने थेट कॅरल बर्नेटला पत्र पाठवलं. गावातल्या अग्निशमन दलाच्या समारंभात ‘मिस फायरबॉल’ नावाची स्पर्धा होती, तिचा उल्लेख त्या पत्रात होता. कॅरल तेव्हा गरोदर होती, नव्या कार्यक्रमाची जुळवाजुळव चालू होती, आणि धाकट्या बहिणीच्या भूमिकेसाठी कुणीतरी हवं होतं. कॅरल आणि तिचे पती, निर्माते जो हॅमिल्टन, ती स्पर्धा पाहायला गेले. विकी स्पर्धा जिंकली आणि पुढे भूमिकाही तिलाच मिळाली.

‘कॅरल अँड सिस’ नावाच्या प्रहसनांत ती कॅरलची धाकटी बहीण क्रिसी झाली. खऱ्या आयुष्यातही कॅरलने आपल्या धाकट्या सावत्र बहिणीला सांभाळलं होतं, त्यावरून ही प्रहसनं बेतलेली होती.

आधी गाणं की आधी अभिनय?

आधी गाणं, यात शंकाच नाही. शाळेत असतानाच ती ‘द यंग अमेरिकन्स’ या तरुण मुलामुलींच्या समूहगान चमूत होती. गाणं आणि नाच एकत्र, अनेक सुरांची वीण, रंगमंचावर शिस्तीत हालचाल, देशभर दौरे, असं त्या चमूचं काम. त्यांच्यावर केलेल्या माहितीपटाला १९६९ साली ऑस्कर मिळालं आणि काही आठवड्यांतच परतही घेतलं गेलं, कारण तो १९६७ सालीच एकदा दाखवला गेल्याचं उघड झालं. त्या वर्षीच्या नियमात तो बसत नव्हता.

समूहात गाणाऱ्याला स्वतःचा आवाज पुढे काढायचा नसतो. शेजारच्याचा सूर ऐकायचा, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवायचं आणि वेळेवर थांबायचं. टीव्हीवर आल्यावर विकीकडे अभिनयाचं शिक्षण जवळपास नव्हतं, पण हे सगळं होतं.

‘जॉर्जिया’ हे गाणं तिच्याकडे कसं आलं?

गाणं लिहिलं बॉबी रसेलने, तो तेव्हा तिचा नवरा होता. रसेल साधासुधा गीतकार नव्हता. ‘हनी’ आणि ‘लिटल ग्रीन ॲपल्स’ ही १९६८ साली गाजलेली गाणी त्याचीच. तरीही या गाण्यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. विकीचा होता. हे गाणं चालणार, असं ती म्हणत राहिली.

निर्माता स्नफ गॅरेट तेव्हा गायिका शेर हिचीही ध्वनिमुद्रणं करत होता, म्हणून गाणं आधी शेरकडे गेलं. तिचा नवरा सॉनी बोनो याने ते नाकारलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतले श्रोते दुखावतील अशी त्याला भीती वाटली. गाण्यात जॉर्जियातला एक न्यायाधीश घाईघाईत निर्दोष माणसाला फाशी देतो, तेव्हा भीती अगदीच निराधार नव्हती. शेवटी विकीनेच ते बेल रेकॉर्ड्ससाठी गायलं. एप्रिल १९७३ मध्ये ते बिलबोर्ड मासिकाच्या गाण्यांच्या यादीत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

त्या गाण्यात खून नक्की कुणी केला?

पहिल्यांदा ऐकणार असाल तर हे उत्तर सोडून पुढे जा.

खून गाणारीने केला, म्हणजे फाशी गेलेल्या माणसाच्या धाकट्या बहिणीने. भाऊ दोन आठवड्यांनी गावी परततो, मित्र त्याला बायकोच्या भानगडी सांगतो, भाऊ बंदूक घेऊन निघतो, आणि तो पोचायच्या आधीच मित्र मेलेला असतो. शेवटच्या कडव्यात बहीण सांगून टाकते की तिचा नेम चुकत नाही.

विकीचं गायन इथे नीट ऐका. सुरुवातीपासून ती बातमी सांगावी तशा सपाट, किंचित खरखरीत आवाजात गाते. रडत नाही, सूर लांबवत नाही. कबुली येते तेव्हाही आवाजाची पट्टी बदलत नाही, त्यामुळे एखादा शब्द निसटला तर कळतच नाही की काय ऐकलं. मोठ्या आवाजाची गायिका असती तर तिने शेवट गाजवला असता आणि गोष्ट बिघडवली असती. हे काम कथा सांगणाऱ्या नटीचं आहे. रीबा मॅकइन्टायरने १९९१ साली हेच गाणं छान गायलं, तयारीनं गायलं, पण तिच्या आवृत्तीत मला गायिका आधी दिसते. विकीच्या गाण्यात ती मुलगी दिसते.

मग पुढे ती गायिका म्हणून का राहिली नाही?

तिने प्रयत्न केले. ‘ही डिड विथ मी’ हे पुढचं गाणं अमेरिकेत खालच्याच क्रमांकांवर राहिलं, ऑस्ट्रेलियात मात्र चांगलं चाललं. बॉबी रसेलशी लग्न १९७४ साली मोडलं, म्हणजे गाणी देणारा माणूसही गेला. आणि तिच्या हाताशी दर आठवड्याचं पूर्ण वेळेचं काम होतं. गावोगाव मैफली करून पहिल्या गाण्याच्या मागे दुसरं उभं करायला जो मोकळा वेळ लागतो तो तिच्याकडे नव्हता. मला याची हळहळ वाटते. पण त्याच १९७४ साली टीव्हीवर जे घडलं ते पाहिलं की ती कमी होते.

व्हरायटी शो म्हणजे काय? ‘कॅरल बर्नेट शो’चा आठवडा कसा असायचा?

एका तासात प्रहसनं, गाणी, नाच, पाहुणे कलाकार आणि प्रेक्षकांशी गप्पा. अमेरिकन टीव्हीवर साधारण १९५० ते १९८० या काळात हा प्रकार घरोघरी पाहिला जायचा. कॅरलच्या सीबीएसशी झालेल्या दहा वर्षांच्या करारात एक कलम होतं: पहिल्या पाच वर्षांत तिने मागितलं तर वाहिनीने तिला तासाभराचे ३० भाग द्यायचे. मुदत संपत आली असताना तिने ते कलम बाहेर काढलं. बाईने व्हरायटी शो चालवायचा ही कल्पना वाहिनीच्या अधिकाऱ्यांना रुचत नव्हती, पण करार म्हणजे करार. ११ सप्टेंबर १९६७ला पहिला भाग लागला, २९ मार्च १९७८ला शेवटचा.

सोमवारी संहितेचं वाचन, मधले दिवस तालमी, आणि शुक्रवारी लॉस एंजलिसमधल्या सीबीएस टेलिव्हिजन सिटीच्या ३३ क्रमांकाच्या स्टुडिओत चित्रीकरण. तेही एकाच दिवशी दोनदा, दोन्ही वेळा समोर प्रेक्षक. दोन्हींतलं चांगलं ते निवडून भाग तयार व्हायचा. पीटर मॅट्झच्या हाताखाली २८ वादकांचा ऑर्केस्ट्रा, अर्नी फ्लॅटचे बारा नर्तक, आणि बॉब मॅकी दर आठवड्याला नवे कपडे बेतायचा. पाहुण्यांत एला फिट्झजेरल्डपासून बर्नाडेट पीटर्सपर्यंत लोक यायचे. प्रत्येक हंगामाचा पहिला पाहुणा जिम नेबर्स, कारण तो शुभशकुन आहे असं कॅरल मानायची.

या सगळ्यात १८ वर्षांची विकी आली. सुरुवातीची प्रहसनं पाहिलीत तर ती किती बावरलेली आहे ते दिसतं. वाक्य म्हणते आणि पुढच्या माणसाकडे पाहत उभी राहते. शोमधला मुरलेला विनोदी नट हार्वी कॉर्मन याने तिला हाताशी धरलं. हातातली वस्तू कशी वापरायची, बोलीचा ढंग कसा पकडायचा, हशा ओसरेपर्यंत कसं थांबायचं, हे तिने त्याच्याकडून आणि कॅरलकडून काम करता करता उचललं. हार्वीच्या शाळेत शिकले, असं ती आजही सांगते. बाकीच्या नटांपैकी लायल वॅगनरने १९७४ला शो सोडला, टिम कॉन्वे नियमित झाला तो १९७५ला, कॉर्मनने १९७७ला शो सोडला. पहिल्या भागापासून शेवटच्या हंगामापर्यंत कॅरलबरोबर टिकली ती विकीच.

तिची गाणी त्या शोमध्ये होती ना? मग जुन्या चित्रफितींत दिसत का नाहीत?

होती, एकल गाणीही आणि पाहुण्यांबरोबरची मोठी संगीतिकाही. पण १९७७ पासून हा कार्यक्रम ‘कॅरल बर्नेट अँड फ्रेंड्स’ नावाने अर्ध्या तासाच्या आवृत्तीत पुन्हा दाखवला जाऊ लागला आणि त्यात जवळजवळ फक्त प्रहसनं ठेवली. बहुतेक जगाने हीच आवृत्ती पाहिली. विकी गाते हे एका अख्ख्या पिढीला ठाऊक नसण्याचं मोठं कारण ही कात्री आहे. शक्य असेल तिथे तासाभराचे मूळ भागच पाहा.

पंचविशीची मुलगी म्हातारी कशी झाली?

१९७४ साली डिक क्लेअर आणि जेना मॅकमहन या लेखकजोडीने ‘द फॅमिली’ नावाचं प्रहसन आणलं. घरात तीन माणसं: सतत करवादणारी आई, म्हणजे मॅमा, आयुष्यात काहीच मनासारखं न झालेली मुलगी युनिस, आणि युनिसचा मठ्ठ नवरा एड. लेखकांच्या मनात आई म्हणून कॅरल होती. कॅरलने युनिस मागितली आणि आई विकीकडे गेली. कॅरलचा जन्म १९३३चा. म्हणजे मुलीपेक्षा आई १६ वर्षांनी लहान!

कॅरलचं घराणं टेक्ससचं. तिने युनिसला तिकडची बोली दिली आणि बाकीच्यांनीही तीच धरली. आता विकीच्या आवाजाकडे लक्ष द्या. म्हातारीचा आवाज म्हटलं की नवशिका नट थरथरतो आणि कापऱ्या आवाजात बोलतो. विकी तसलं काहीच करत नाही. तिचा आवाज घशाच्या वरच्या भागातून, नाकात, चिरका आणि घट्ट येतो. वाक्य चढत जातं आणि शेवटच्या शब्दावर धपकन बसतं. मधे श्वास घेताना ती ओठ दुमडते, आणि तो विराम इतका मोजून असतो की समोरच्याला उत्तर द्यायला जागाच उरत नाही. हे सगळं तालाचं काम आहे. डोळे मिटून मॅमाची दोन मिनिटं ऐका, मग ‘जॉर्जिया’ ऐका. शब्द कोरडे ठेवून गोष्टीला पुढे ढकलायची सवय दोन्हीकडे तीच आहे.

आणि ही प्रहसनं नुसती हसवणारी नाहीत. आई मुलीला ज्या बारीक बारीक शब्दांनी टोचते ते पाहताना पोटात गोळा येतो. युनिस टीव्हीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेत जाते आणि तिची फजिती होते, तो भाग नाटक म्हणूनही उभा राहील असा आहे.

मॅमासाठी किती तासांचा मेकअप लागायचा?

चेहऱ्यावर रबराच्या सुरकुत्या वगैरे काही नव्हतं. बॉब मॅकीने शरीर बनवलं: आत गाद्या भरून ओघळलेली छाती आणि जड कंबर, वर फुलाफुलांचा सुती झगा, गुडघ्याशी गुंडाळलेले जाड मोजे, बिनटाचेचे बूट, आणि करड्या कुरळ्या केसांचा विग. बाकीचं विकीने केलं. गुडघे थोडे फाकवून टाकलेलं पाऊल, पुढे काढलेली हनुवटी, एक हात कमरेवर. जवळून पाहिलंत तर गाल तरुण बाईचेच दिसतात, आणि तरी पाहणाऱ्याला ते खटकत नाही.

रंगभूषेचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं: त्याच स्टुडिओतला रंगभूषाकार अल शुल्ट्झ याच्याशी तिने १९७४ साली लग्न केलं. २०२४ साली तो वारला, तोवर ते एकत्र होते.

तिचं स्वतःचं रूप एवढं कसं बदललं? काही चित्रांत ती ओळखूच येत नाही.

१९६७ची विकी म्हणजे आखूड कापलेल्या केसांची, गोल चेहऱ्याची कॅरलची छोटी प्रतिकृती. तिला घेतलं होतं त्याचसाठी. सत्तरच्या दशकात केस लांब आणि मोकळे झाले, ‘जॉर्जिया’च्या वेळी ती अगदी त्या काळातली पॉप गायिका दिसते. त्याच आठवड्यांत प्रहसनात ती मोलकरीण, राणी, परिचारिका काहीही असायची. नंतरच्या काळात, प्रश्नमंजूषा आणि गप्पांचे कार्यक्रम चालवताना, केस पुन्हा आखूड झाले.

कॅरलसारखं दिसणं हा तिचा प्रवेश होता, आणि तेच तिच्यावरचं ओझंही होऊ शकलं असतं. विग आणि गाद्यांखाली चेहरा झाकल्यावर तिला पहिल्यांदा कॅरलपेक्षा वेगळं काहीतरी मिळालं, असं मला वाटतं.

एमी पुरस्कार कशासाठी मिळाला?

१९७६ साली, ‘कॅरल बर्नेट शो’मधल्या सहायक अभिनेत्रीच्या कामासाठी.

हत्तीचा किस्सा काय आहे?

टिम कॉन्वे पहिल्या चित्रीकरणात संहितेप्रमाणे काम करायचा आणि दुसऱ्यात मनाला येईल ते. ‘द फॅमिली’च्या एका प्रहसनात सगळे कोचावर बसून शब्दांचा खेळ खेळत असतात. कॉन्वे मधेच सर्कशीतल्या जोडलेल्या जुळ्या हत्तींची गोष्ट सुरू करतो, ती लांबवतच नेतो. कॅरल तोंड लपवते, सगळे हसून कोसळतात. मॅमाच्या पोशाखातली विकी मात्र गप्प बसून वाट पाहते आणि मग एकच वाक्य टाकते. टीव्हीवर दाखवता येणार नाही असं वाक्य. कॉन्वेसुद्धा कोलमडतो. मूळ प्रसारणात ते नव्हतं, पण चित्रफीत जपून ठेवलेली आहे आणि सहज सापडते. ते वाक्य मी इथे देत नाही, कारण त्याची सगळी मजा ती किती वेळ थांबते यात आहे.

‘मॅमाज् फॅमिली’मधली मॅमा सौम्य का वाटते?

कारण तशी केली. पाच-दहा मिनिटांच्या प्रहसनात कडवट आई चालते, दर आठवड्याला अर्धा तास तिच्या घरी राहायचं तर प्रेक्षकाला तिची माया लागायला हवी. ‘द फॅमिली’ प्रहसनांवरून बेतलेली ही मालिका जानेवारी १९८३ मध्ये एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. मॅमा रेटाउन नावाच्या गावात मुलगा व्हिन्टन, सून नेओमी आणि बहीण फ्रॅन यांच्यासह राहते. केन बेरी, डोरोथी लायमन, रू मॅक्लॅनहन ही मंडळी, आणि मोठी मुलगी एलेन म्हणून बेटी व्हाइट. १९८४ला एनबीसीने मालिका बंद केली. १९८६ साली ती वाहिनीशिवाय, थेट स्थानिक केंद्रांना विकून परत आली आणि १९९० पर्यंत चालली. एकूण १३० भाग. ही दुसरी पाळी मला जास्त आवडते. बेव्हर्ली आर्चरची शेजारीण आयोला आली आणि मॅमाला टक्कर द्यायला बरोबरीची बाई मिळाली.

थोडं हरवलंही. युनिस क्वचितच आली, नंतर आलीच नाही, आणि ती आई-मुलीची धार गेली. ती हवी असेल तर १९८२चा ‘युनिस’ हा टीव्हीसाठी केलेला चित्रपट पाहा.

या मालिकेत ती गाते का?

शीर्षकगीताचे शब्द तिनेच लिहिलेत: ‘ब्लेस माय हॅपी होम’, संगीत पीटर मॅट्झचं. पण मालिकेच्या सुरुवातीला फक्त वाद्यांवरची धून वाजते, शब्द येतच नाहीत. पहिल्या क्रमांकाचं गाणं गायलेली बाई, स्वतःच्या मालिकेचं गीत स्वतः लिहिते आणि ते कुणालाच ऐकू येत नाही. हा निर्णय मला कधीच पटला नाही.

नंतर तिने काय केलं?

१९८७ पासून एनबीसीवर ‘विन, लूज ऑर ड्रॉ’ हा चित्रं ओळखण्याचा खेळ चालवला. १९९२ ते १९९४ ‘विकी!’ हा गप्पांचा कार्यक्रम. लहान मुलांना ती ‘हॅना मोंटाना’मधली आजी म्हणून माहीत आहे. २०१८ला ‘द कूल किड्स’ या मालिकेत ती खरोखरच वयस्कर स्त्री म्हणून दिसली. शिवाय ‘विकी लॉरेन्स अँड मॅमा’ हा रंगमंचावरचा प्रयोग घेऊन ती कितीतरी वर्षं फिरली. त्यात ती स्वतः म्हणूनही येते आणि मॅमा म्हणूनही, आणि गाते.

नव्याने पाहायचं तर सुरुवात कुठून करू?

आधी ‘जॉर्जिया’, दोनदा. मग ‘द फॅमिली’ची तीन-चार प्रहसनं, शक्यतो १९७४ ते १९७७ मधली, ओळीने. कॅरल बर्नेट शोची अधिकृत यूट्यूब वाहिनी आहे, तिथे बरीच मिळतील. बोली पहिल्या खेपेला जड जाते, म्हणून इंग्रजी उपशीर्षकं लावून पाहा आणि दुसऱ्यांदा काढून टाका. ‘मॅमाज् फॅमिली’च्या सगळ्या सहा हंगामांचा डीव्हीडी संच २०१३ साली आला. पहिल्या दोन हंगामांचे मोजके भाग पाहून थेट १९८६च्या हंगामावर जायला हरकत नाही. हत्ती मात्र मॅमाची नीट ओळख झाल्यावरच पाहा.